दुसऱ्या मजल्यावरचा मासळी बाजार

"थांबा!"

महापालिकेच्या सभागृहात इतक्या मोठ्यानं कुणी बोलत नाही. त्यासाठी माइक असतात. प्राप्तीच्या पुढ्यातही एक होता, पण तो चालू करायची कळ व्यासपीठावर, आणि व्यासपीठावरच्यांना जेवणाची घाई. म्हणून तिनं माइक बाजूला सारला आणि गळा वापरला. महापौरबाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

गोष्ट तहकूब. चष्मा तिथंच राहू दे. आधी सकाळ सांगायला हवी.

*

सकाळी आवडाबाई बोंबील मांडत होती. प्राप्तीची सासू. खाडीकाठच्या बाजारात तिचा ओटा तिच्या सासूपासूनचा. प्राप्ती कोपरीची लेक, लग्न होऊन खाडीच्या या अंगाला आली, आणि या निवडणुकीत नगरसेविका झाली. आज तिची पहिली महासभा.

"बाजार वर नेनार म्हंजे कुठं वर गो?" आवडाबाईनं विचारलं.

"पार्किंगची इमारत होतेय ना, तिच्या दुसऱ्या मजल्यावर. खालच्या दोन्ही मजल्यांवर गाड्या."

"मी चढंन पाटी घेऊन. गिऱ्हाईक चढंल? स्टेशनातून सुटलेला मानूस घरचा जिना चढायला रडतो. पापलेटासाठी दुसरा कोन चढतोय?"

"तेच थांबवायला चाललेय, आई."

"मोठा कोन त्यांच्यात? महापौर का आयुक्त?"

"सभेत महापौर, सभेबाहेर आयुक्त. सभा ठरवते, आयुक्त करतात. सभेनं चुकीचं ठरवलं तर तेही करतात."

"नि तुमी चौघं एका वार्डात निवडून आलाव ते?"

"प्रभागात चार जागा असतात. चौघांनी मिळून बघायचं."

"चार सुनांच्या घरात भांडी तशीच पडलेली असतात बघ," आवडाबाई म्हणाली. "त्यातला बाबुराव काय बोलतो?"

बाबुराव हा चौघांतला एक. पक्ष दुसरा, पण चार वेळा निवडून आलेला, त्यामुळे सभागृहाच्या खाचाखोचा पाठ. त्यानंच प्राप्तीला शिकवलं होतं: "पोरी, विषयाला विरोध करू नकोस. विरोध केलास की भांडण, आणि भांडण आलं की पक्ष आला. तू उपसूचना दे. विषय तोच, त्यातला एखादा शब्द बदलायचा. उभी राहा, वाच. मी अनुमोदन देतो."

"त्याला सांग," आवडाबाई म्हणाली, "शब्द फिरवला तर रविवारपासून त्याची सुरमई दुसऱ्या मजल्यावर." आणि हात धुऊन तीही सभा बघायला निघाली. सभागृहाच्या दारात प्राप्तीनं बाबुरावला निरोप जसाच्या तसा दिला.

*

आता सभेतला 'मंजूर'चा रिवाज. सकाळचे दोन तास खड्ड्यांवर आरडाओरडा होतो, कारण तेव्हा कॅमेरे असतात. कॅमेरे गेले की सचिव उभे राहून नुसते विषयांचे आकडे वाचतात. महापौर विचारतात, "मंजूर?" बाकांवरून येतं, "मंजूर!" कुणाचं डोकं मोबाइलमध्ये, कुणाचं शेजाऱ्याच्या कानात, पण तोंड वेळेवर उघडतं. शहराचे रस्ते, गटारं, शाळा सगळं या एका शब्दावरून पुढं सरकतं.

सचिव म्हणाले, "विषय एक्केचाळीस."

महापौर म्हणाल्या, "मं..."

*

"थांबा!"

सभा पुन्हा सुरू. चष्मा वर गेला.

"कोण ते?"

"मी, प्राप्ती. एक्केचाळीसवर माझी उपसूचना आहे."

"ओ मॅडम, हा मासळी बाजार नाही!" मागच्या बाकावरून हर्षित ओरडला. हाही नवीन, पण पांढरा सदरा मात्र जुन्यांसारखा कडक.

हशा.

"विषय मासळी बाजाराचाच आहे," प्राप्ती म्हणाली. "म्हणून आवाज तिथूनच आणलाय."

पुन्हा हशा, पण या वेळी तिच्या बाजूचा. तो विरायच्या आत तिनं वाचलं: "मासळी बाजार दुसऱ्या मजल्यावर व वाहनतळ त्याखालील दोन्ही मजल्यांवर, याऐवजी मासळी बाजार तळमजल्यावर व वाहनतळ वरील मजल्यांवर, असे वाचावे."

शहर अभियंता अर्धवट उठले. "मॅडम, गाड्या वर न्यायच्या म्हणजे..."

"पहिल्या मजल्यावर तुम्ही गाड्याच नेताय, साहेब. तोच रॅम्प अजून एक मजला वाढवा. गाड्यांना इंजिन आहे, त्या चढतील. आमच्या बायकांना गुडघे आहेत."

अभियंता बसले.

"अनुमोदन कुणाचं?" महापौरांनी विचारलं.

प्राप्तीनं बाबुरावकडं पाहिलं. बाबुराव मोबाइलमध्ये पाहत होता. त्याच्या पुढच्या बाकावरून त्याचा गटनेता मान वळवून त्याच्यावर डोळे रोखून बसला होता.

"अनुमोदक नसेल तर उपसूचना पडते, मॅडम," सचिव म्हणाले. आवाजात उगाच मऊपणा.

प्राप्ती बसली नाही. बसलं की संपलं, एवढं तिला कळत होतं. ती तशीच बाबुरावच्या टकलाकडं पाहत राहिली. शेवटी त्यानं डोकं उचललं आणि तिची नजर चुकवायला डोळे वर, प्रेक्षक गॅलरीकडं वळवले.

गॅलरीत बोलायला बंदी असते. आवडाबाई बोलली नाही. तिनं फक्त दोन बोटं वर केली.

दुसरा मजला.

"अनुमोदन!" बाबुराव ताडकन उठला. गटनेत्याकडं न बघता.

"मंजूर?" महापौर सवयीनं म्हणाल्या.

"मंजूर!" सगळं सभागृह सवयीनं ओरडलं. त्यात हर्षितही होता. ओरडून झाल्यावर त्यानं तोंडावर हात ठेवला.

"एक मिनिट, एक मिनिट," गटनेता उभा राहिला. तोवर सचिव त्रेचाळीसवर पोचले होते.

इतिवृत्तात हे सगळं एका ओळीत येईल: विषय क्रमांक ४१, उपसूचनेसह मंजूर. चष्मा नाही, टक्कल नाही, दोन बोटं तर नाहीतच.

*

सभागृह तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. तिघं जिन्यानं उतरायला लागले. बाबुराव कठड्याला धरून, मागं.

"झालं ना गो?" आवडाबाईनं विचारलं.

"सभेचं झालं. आता पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होईल. मग फाइल आयुक्तांकडं, तिथून शहर अभियंत्यांकडं, नकाशा बदलायला."

"नि तिथं कोन ओरडनार?"

"मीच."

"मी पन येतंय. बुधवार नको ठेवू, बुधवारी धंदा असतो."

बाबुराव वळणावर थांबला. हाशहुश करत त्यानं रुमाल काढला.

"कती मजले झाले, बाबुराव?" आवडाबाईनं खालून हाक दिली.

"एकच, मावशे."

"मंग ये हळूहळू. सुरमई खाली मिळंल."