उलटा टांगलेला वेबकॅम

मित्रांनो, पुण्यात धायरीतल्या एका घरात संगणकाच्या पडद्यावर टांगलेला मी एक जुना वेबकॅम आहे. कारखान्यात मला घडवताना माझ्यातली प्रकाश टिपणारी चकती उलटी बसवली गेली. त्याने काही अडत नव्हते. कंपनीने माझ्याबरोबर दिलेला प्रोग्राम चित्र सरळ करून घेत असे. पुढे ती कंपनीच बंद पडली.

मला आणले ते सुदर्शनकाकांसाठी. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले काका जन्मापासून बहिरे आहेत. हिंगोलीला राहणारी त्यांची धाकटी बहीण तुळजाबाई, तीही बहिरी. लहानपणी या भावंडांनी हातांच्या खुणांची आपली एक भाषा तयार केली. ती दुसऱ्या कुणालाही पुरती येत नाही. दर रविवारी काका माझ्यासमोर बसून बहिणीशी पोटभर बोलत. मधुमेहाने त्यांची नजर अधू झाल्यावर फोनवर तिची बोटे दिसेनाशी झाली. मोठ्या पडद्यावर मात्र दिसत. तेव्हा घरात माझे फार कौतुक होते.

मग संगणक कुरकुरू लागला, म्हणून काकांच्या मुलीने, नम्रताने, त्यावरची जुनी प्रणाली काढून लिनक्स बसवले. संगणक सुधारला, पण मला ओळखेना. नम्रता हडपसरला आयटी कंपनीत काम करते. घरी आल्यावर ती माझ्यासाठी प्रोग्राम शोधत बसे. कुणा परक्या माणसाने लिहून ठेवलेला एक प्रोग्राम तिला सापडला. माझा हिरवा दिवा लागला. चित्र मात्र उलटे आले.

काकांच्या भाषेत छातीवरून हात वर नेला की 'बरा आहे', खाली नेला की 'दुखतंय'. काकांनी 'बरा आहे' म्हटले, ते तिकडे 'दुखतंय' असे दिसले. पडद्यावर उलट्या लटकलेल्या काकांकडे तुळजाबाई मान तिरकी करून पाहत राहिल्या. मग त्यांनी तोंडाला पदर लावला. नम्रताने मला बंद केले.

"अगं, कॅमेराच उलटा टांग की," तिची आई मुक्ताई म्हणाली.

"आई, जुगाड नको. प्रोग्रामच दुरुस्त करते."

"कर. आत्याला कळव, तोवर जपून राहा म्हणावं."

नम्रता खरोखर मेहनत घेत होती. काका रविवारी इस्त्रीचा सदरा घालून माझ्यासमोर येऊन बसत आणि तिच्याकडे बघत. ती मान हलवी. ते उठून जात.

एका सकाळी हिंगोलीहून फोन आला. तुळजाबाईंना झटका आला होता. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली.

तुळजाबाई इस्पितळातून घरी परतल्यावर नम्रताने कपड्यांच्या चिमट्याने मला उलटे टांगले. चहाला आधण येईपर्यंत काम झाले. चित्र सरळ दिसू लागले.

तुळजाबाई उशांना टेकून डाव्या हाताने बोलू लागल्या. पण त्यांच्या बहुतेक शब्दांना दोन हात लागतात.

"काय म्हणतेय आत्या?" नम्रताने आईला विचारले.

"तुझ्या बाबांनाच कळेना. मला कुठून कळणार?"

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू जरूर दुरुस्त करा. पण दुरुस्ती मनासारखी होईपर्यंत माणसांना एकमेकांपासून दूर ठेवू नका. आता काका आपला उजवा हात मांडीखाली दाबून बसतात आणि डाव्या हाताने एक नवी खूण करून दाखवतात. बहिणीला ती समजत नाही. ते पुन्हा करतात.