पुढच्या पानावर

हेरंबच्या शर्टाच्या खिशात कायम एक छोटी वही असे, आणि ती नसली तर त्याला चष्मा विसरल्यासारखी चुटपुट लागून राही. फोन असताना हे लचांड कशाला, असं त्याची बायको सरोज लग्नापासून म्हणत आली होती. पण चंडीगडच्या एका प्रयोगशाळेत सोळा वर्षं काढलेल्या या गृहस्थाला कागदावर उतरल्याशिवाय कुठलीच गोष्ट खरी वाटत नसे. वहीचे नियमही तिथलेच. काम झालं की त्यावर एकच आडवी रेघ, खालचं अक्षर वाचता येईल अशी, आणि शेजारी बारीकशी सही. राहिलेलं काम दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या पानावर उतरवायचं.

'ऋजुताशी बोलणे' हे काम असं एकोणचाळीस पानं पुढे सरकलं होतं.

ऋजुता त्याची चौदा वर्षांची मुलगी. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं. एकदा जेवताना हेरंबचं डोकं फिरलं आणि तो म्हणाला, "या घरात मराठी बोलायचं नसेल, तर माझ्याशी बोलूच नकोस." पोरीनं ते अक्षरशः पाळलं. चूक आपलीच, हे त्याला दुसऱ्याच दिवशी उमगलं होतं. पण माफी मागायला जीभ रेटेना. बापाचा ताठा, दुसरं काय!

चाळिसाव्या दिवशी दुपारी, सेक्टर सतराच्या बाजारात चष्मा दुरुस्त करून घेताना त्यानं वही उघडली, तर त्या ओळीवर रेघ होती. शेजारी सही, त्याचीच. सवयीनं हात चालला असेल, असं म्हणत त्यानं वही मिटली.

संध्याकाळी दार ऋजुतानं उघडलं. त्याच्या हातातली पिशवी घेत ती हळूच म्हणाली, "थँक्यू बाबा. सुबह आपने जो कहा ना... सॉरी, मेरी भी गलती थी."

सकाळी ती उठायच्या आत तो घराबाहेर पडला होता.

"काय म्हणालो गं मी?" त्यानं कसंनुसं हसत विचारलं.

"जाओ ना बाबा, फिर से रुलाओगे क्या?"

सरोजचेही डोळे भरून आले होते. "इतकं छान बोललास," ती म्हणाली, "मला वाटलं नव्हतं तुला जमेल."

हेरंबला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. पण त्याच्या पाठोपाठ मत्सरही वाटला, आणि तो नेमका कुणाचा, हे त्याला सांगता येईना.

मग रेघा वाढत गेल्या. 'ऋजुताचं गणित घेणे.' 'सरोजला तलावावर फिरायला नेणे.' दुपारी पाहावं तर खोडलेलं, आणि घरी सगळे खुशीत. प्रयोगशाळेची कामं मात्र कुणी खोडत नसे, ती त्याच्यासाठीच राहत. त्याला लेकीशी स्वतःच्या तोंडानं बोलायचं होतं, एकदा तरी.

शुक्रवारी सकाळी त्यानं पहिल्याच ओळीत लिहिलं, 'आज सहाला घरी. ऋजुताशी मी बोलणे.' 'मी'खाली दोन रेघा ओढल्या आणि दुपारी साडेचारलाच प्रयोगशाळेतून निघाला. घराच्या वाटेवर झिरकपूरच्या पुलाखाली गाड्या नेहमीसारख्याच अडकल्या होत्या. सहाला दहा मिनिटं असताना त्यानं खिशात हात घातला. ओळीवर सरळ, नेटकी रेघ होती. 'मी'वरूनही गेलेली. सहीवर त्याचं बोट फिरलं आणि शाई पसरली.

गाडी तिथेच कडेला लावून तो उरलेलं अंतर जवळजवळ धावत आला, चार जिने चढला. आतून कांदेपोह्यांचा वास येत होता. सरोज काहीतरी सांगत होती आणि एक पुरुष हसत होता, शेवटी किंचित खोकत, हेरंब हसतो तसा.

त्यानं बेल दाबली. हसणं थांबलं. मग ऋजुताचा आवाज आला, मोकळा, स्वच्छ मराठीत, जसा तो इतकी वर्षं ऐकू पाहत होता.

"बाबा, तू बस. मी बघते कोण आलंय."