मे महिन्यातला चिखल्या

मे संपत आला तरी पनवेलच्या खाडीवर एक चिखल्या होता. हिवाळ्यात हे मुठीएवढे पक्षी चिखलावर थव्याने पळत असतात आणि उन्हाळा लागला की उत्तरेला निघून जातात. हा एकटाच मागे राहिलेला.

फोटो पक्षीनोंदीच्या अ‍ॅपवर टाकला. लगेच लाल खूण आली: ‘या हंगामात असामान्य. खात्री करा.’

असामान्य म्हटलं की मला आधी घरचंच आठवतं. आमची प्रांजल चौदा महिन्यांची झाली, अजून चालत नाही. डॉक्टर म्हणतात, थांबू या. खांदा कॉलनीच्या बागेत मुलीला घेऊन येणारी समीक्षा सांगते, “आमची दहाव्या महिन्यातच पळायला लागली.” हे तिला कुणी विचारलेलं नसतं. मी घरात न सांगता वाशीच्या बालविकास तज्ज्ञांची वेळ घेऊन ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच प्रांजलला घेऊन खाडीच्या बांधावर निघाले. सासूबाई म्हणाल्याच, “पोरीला घेऊन पाखरं बघाया चालली! आमी नाय बघितली बाय अशी तऱ्हा.”

चिखल्या तिथेच होता. चटई टाकून प्रांजलला बसवलं आणि अ‍ॅपवरच्या नोंदी तपासणाऱ्या कृष्णकांत काकांना फोन लावला.

“छातीवर विणीच्या हंगामातला तांबूस रंग आलाय?”

“नाही काका, मळकटच आहे.”

“मग पहिल्या वर्षाचा असणार. त्यांतले काही जातच नाहीत.”

“पण त्याच्या बरोबरीचे सगळे गेले!”

“जाऊ द्या की. खातोय का नीट?”

“भरपूर.”

“आवाजाला दचकतो?”

“कुकरच्या शिट्टीलासुद्धा.”

“खाडीवर कुकर?”

उत्तर प्रांजलचं गेलं होतं. मी वळून बघितलं, तर चटई रिकामी. प्रांजल बुडावर घसरत, दोन्ही हातांनी वल्हं मारत, उतारावरून थेट चिखल्याच्या रोखाने निघालेली. मी चप्पल टाकून धावले. फ्रॉकचं टोक हाताला लागलं तेव्हा ती कमरेपर्यंत चिखलात होती, आणि खूश होती. चिखल्या भुर्रकन उडाला.

“हॅलो? उडाला का?”

“उडाला.”

“नीट उडाला ना? मग झालं. नोंद मान्य करतो, पण विशेष काही नाही हं.”

वाशीची वेळ मात्र मी रद्द केली नाही. चालत नाही ते आहेच. आता इतक्या वेगाने घसरणं वयाला धरून आहे का, तेही विचारून घेईन.