चाव्यांवाल्या बाईचा खरा रंग

माद्रिदच्या त्या संग्रहालयात चित्रांची नक्कल करायला परवानगी मिळते, पण नक्कल मूळ चित्राच्या मापाची असता कामा नये, अशी अट आहे. कासिल्दाने कॅनव्हास चार बोटं लहानच घेतला होता. आयुष्यभर शहरात बस चालवून निवृत्त झालेली ही बाई आता माणसाचा चेहरा रंगवायला शिकत होती. शिकवायला होते एवारिस्तो मास्तर. 'चाव्यांवाली बाई' या एकाच चित्राच्या त्यांनी इतक्या नकला केल्या होत्या, की पहारेकरी तिला त्यांची बायकोच म्हणायचे.

चित्रातल्या बाईचे कपडे काळे, हातात चाव्यांचा जुडगा आणि चेहरा जुन्या मधासारखा पिवळा.

"हा पिवळा हातात बसला, की चेहरा आला म्हणून समज," मास्तर म्हणायचे. "तोवर माझं डोकं खाऊ नकोस."

कासिल्दा डोकं खायचीच. ही कोण होती? विधवा होती का? एवढी दमलेली का दिसते?

"पन्नाशीची बाई दमणार नाही तर काय, नाचणार?"

नक्कल अर्धी झाली आणि चित्र सफाईला गेलं. ते परत भिंतीवर लागलं त्या सकाळी कासिल्दा बघतच राहिली. कित्येक वर्षांचं पिवळं पडलेलं वार्निश उतरलं होतं. गालांवर गुलाबी झाक होती, हनुवटीखाली निळसर सावली. बाई कसली, पोर होती ती! म्हणजे इतके महिने जीव ओतून आपण रंगवलं ते नुसतं वार्निश! कासिल्दाला स्वतःचंच हसू फुटलं.

तेवढ्यात मास्तर आले. काठी टेकून चित्रासमोर उभे राहिले, मान वाकडी करून बराच वेळ बघितलं.

"एवढे महिने नेऊन ठेवली आणि केलं काय? धूळ झटकली. सरकारी काम!"

"थट्टा पुरे, मास्तर. ती निळी सावली बघा ना."

"कुठली निळी? पिवळा लाव म्हटलं ना, तोच लाव. बस खाली."

ते थट्टा करत नव्हते. हे कासिल्दाला आता कळलं. गप्प बसून पिवळा लावत राहिलं तर आपण जन्मात शिकणार नाही, आणि बोललं तर या म्हाताऱ्याच्या सगळ्या जन्मावरच बोळा फिरवायचा.

"मास्तर, डोळे कधी दाखवलेत?"

मास्तर उगाचच ब्रश पुसत बसले. "डॉक्टरीण म्हणते, मोतीबिंदू पिकलाय, त्याने सगळं पिवळंच दिसतं. काढून टाकू म्हणते."

"मग काढत का नाही?"

"आणि घरी जाऊन भिंतीवरची माझी चित्रं बघायची कुणी? सगळीच पिवळी निघाली तर?" त्यांचा आवाज चढला. "मला भीती वाटते, पोरी. झालं समाधान?"

कासिल्दाला त्यांची दया आली आणि रागही आला. तिने फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं आणि आपल्या कॅनव्हासवरचा चेहरा पुसून टाकला. मास्तरांनी अडवलं नाही. स्टूल ओढून ते शेजारी टेकले.

"कशी आहे ती? खरं सांग."

"विशीचीसुद्धा नाही, मास्तर. दमलेली तर मुळीच नाही. हसू दाबतेय. ओठाच्या कोपऱ्यात दिसतं."

"हसू? कशाचं?"

"मी तर कालची शिकाऊ. मला काय ठाऊक? तुम्हीच बघून सांगा."

मास्तर पुढे झुकले, डोळे बारीक केले, मोठे केले, पुन्हा बारीक केले. पहारेकरी खाकरला तसे मागे सरकले.

"इतकी वर्षं तोंडाकडे बघतोय तिच्या," ते पुटपुटले, "आणि ही बया हसत होती?"

त्यांनी कोटाच्या खिशातून फोन काढून कासिल्दासमोर धरला.

"त्या डॉक्टरणीला लाव. मला आकडे दिसत नाहीत."