दहा मिनिटं गप्प

लिफ्टमिस्त्रीने ओठ इतके घट्ट मिटले होते की मिशी खालच्या ओठाला टेकली होती. समोरच्या खुर्चीत त्याची बारा वर्षांची धाकटी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. संशोधक ताईंनी कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलाय ना ते बघितलं आणि स्टॉपवॉच सुरू केलं.

"बाबा, आज काही होणार नाही ना?" धाकटीने विचारलं.

मिस्त्री गप्प.

हा प्रश्न घरात दोन वर्षं मुक्काम ठोकून होता. रोज सकाळी दारात बापाने दोन्ही पाय जुळवून, मुलीच्या डोळ्यांत बघून तीनदा म्हणायचं, काही होणार नाही. मध्ये कुणी शिंकलं की पुन्हा पहिल्यापासून. मोठी बहीण तर शिंक येतेयसं वाटलं की नाक धरून न्हाणीघरात पळायची. सुरुवातीला सगळ्यांना गंमत वाटली. आता सगळं घर अर्धा तास लवकर उठत होतं, आणि धाकटी दीड महिना शाळेत गेली नव्हती. बापाचा 'पोचलो' असा फोन, मग 'उतरलो' असा फोन येईपर्यंत ती खिडकी सोडायची नाही.

ताईंचा अभ्यास अशाच घरांचा होता. घरच्यांच्या उत्तराने भीती तेवढ्यापुरती निवते आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट खायला मागते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दहा मिनिटं उत्तर द्यायचं नाही आणि दर मिनिटाला मुलीने भीतीचा आकडा सांगायचा, शून्य ते दहा. मिस्त्रीने हे दोनदा मोडलं होतं. पहिल्यांदा चाळीस सेकंदांत, दुसऱ्यांदा तिसऱ्या मिनिटाला. आज मोडलं तर बापलेकीचं नाव अभ्यासातून जाणार होतं, आणि दुसरीकडे उपचारासाठी नंबर लागायला आठ महिने होते. तेवढ्यात शाळेचं वर्ष हातचं गेलं असतं.

"आकडा?"

"नऊ."

ताईंनी लिहून घेतलं.

"बाबा, सांग ना. एकदाच सांग, तीनदा नको."

मिस्त्रीने खिशातून रुमाल काढला, घडी मोडली, पुन्हा घातली. मागच्या दोन्ही वेळी ताईंनी त्याच्याबद्दल कागदावर दोनच शब्द लिहिले होते: वडील हळवे.

ते पुरतं खरं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी एके सकाळी धाकटी तापाने झोपून होती आणि मिस्त्री उत्तर न देताच कामावर गेला होता. त्याच दिवशी सहाव्या मजल्यावर, लिफ्टच्या छतावर उभा असताना त्याचा पाय तेलावरून सरकला. कमरेचा पट्टा अडकवलेला होता म्हणून वाचला. कोपर सोलवटलं होतं, ते दारावर आपटलं म्हणून घरी सांगितलं. तेल त्याच्याच डब्यातून गळलं होतं, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी दुसऱ्या दिवसापासून, धाकटीने विचारायच्या आधीच तो दारात पाय जुळवून उभा राहू लागला. हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय?

आज इथून निघून त्याला अकरा मजल्यांच्या एका इमारतीत जायचं होतं.

चौथ्या मिनिटाला धाकटी रडायला लागली. मिस्त्री खुर्चीतून अर्धा उठला. ताईंचं पेन थांबलं. मिस्त्रीने गुडघे पकडले आणि स्वतःला खाली बसवलं.

"आकडा?"

"नऊच."

सहाव्या मिनिटाला आकडा सातवर आला. आठव्याला तिच्या बुटाची नाडी सुटल्याचं तिच्या लक्षात आलं, आणि वाकून ती बांधता बांधता म्हणाली, "पाच." दहाव्याला चार.

स्टॉपवॉच वाजलं.

"झालं," ताई म्हणाल्या आणि त्यांनी खुर्चीला पाठ टेकली. "शाबास. दोघांनाही."

धाकटीने नाक पुसलं. तिला स्वतःचंच नवल वाटत होतं. मग तिने बापाकडे नीट पाहिलं. त्याच्या शर्टाची कॉलर घामाने भिजली होती.

"ताई, बाबाचा आकडा नाही विचारला तुम्ही."

ताईंनी कागद पाहिला. त्यात वडिलांसाठी रकानाच नव्हता.

"सांगा," त्या म्हणाल्या.

"माझं काय त्यात," मिस्त्री हसायला गेला, पण ते काही जमलं नाही. "दहा."

"आत्ता?"

"पहिल्यापासून."

मिस्त्रीने घड्याळ बघितलं, हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि दारापर्यंत गेला. तिथे तो थांबला, वळला. त्याचे दोन्ही पाय आपोआप जुळले.

"काय गं," तो हलक्या आवाजात म्हणाला, "आज काही होणार नाही ना?"

धाकटीचं तोंड उघडलं. उत्तर तिला तोंडपाठ होतं. तिने ताईंकडे पाहिलं. ताई तिच्याकडेच बघत होत्या. मग तिने दोन्ही हात पुन्हा मांडीखाली घातले आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

ताईंनी कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर 'वडील' एवढंच लिहिलं आणि स्टॉपवॉच सुरू केलं.