न हलणारा काटा

दिराने जुन्या गाडीला टर्बो, म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणारा पंखा, बसवला तेव्हा घरात कोणाला विचारलं नव्हतं. इंजिन मात्र पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या जुन्या कार्बोरेटरचंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीतून बाळाला घेऊन डोंगरापलीकडे माझ्या माहेरी जायचं होतं, आणि मला ते नको होतं. तसं बोलायची सोय नव्हती. मला कशाचंही टेन्शन येतं, हे घरात कधीच ठरून गेलं होतं.

म्हणून मी म्हटलं, आधी आपणच चढ चढून बघू. बाळ सासूबाईंकडे ठेवलं. दीर चालवायला, मी शेजारी, नवरा मागे.

"वहिनी, तुम्ही फक्त हा काटा बघा," दीर म्हणाला. समोर पेट्रोलच्या दाबाचं मीटर होतं. "पडला की ओरडा."

"ओरडण्यात तिचा हात कोणी धरणार नाही," मागून नवरा.

चढावर टर्बोची शिट्टी सुरू झाली, पाठ सीटला चिकटली. आणि इंजिन आचके देऊ लागलं. दिराने पाय काढला, पुन्हा दिला, पुन्हा आचके.

"थांबवा, भावजी."

"पडला?"

"नाही. हललाच नाही."

"मग झालं की! दाब ठणठणीत आहे. प्लगचा घोळ असेल."

बाळ झोपेत फार वेळ निश्चल राहिलं की मी त्याच्या नाकाशी बोट धरते. इंजिन धापा टाकतंय आणि काटा ढिम्म, हे मला तसंच वाटलं.

"टर्बो हवा कार्बोरेटरमध्येच ढकलतो ना? मग ती आत येणाऱ्या पेट्रोलला मागे रेटणार नाही?"

"रेटते. म्हणून तर रेग्युलेटर आहे. हवेचा दाब जेवढा वाढेल तेवढाच तो पेट्रोलचा वाढवतो."

"वाढवतो, तर काटा चढायला नको?"

दिराने गाडी कडेला घेतली. "घ्या," नवरा म्हणाला आणि खाली उतरला.

बॉनेट उघडलं. मीटरचा सेन्सर रेग्युलेटरच्या अलीकडे, पंपाच्या बाजूला बसवला होता; तिथे भोक आयतंच होतं. म्हणजे पंप किती जोर लावतो तेवढंच कळत होतं. कार्बोरेटरच्या पदरात काय पडतं ते नाही. दिराने सेन्सर कार्बोरेटरच्या तोंडाशी आणला. पुन्हा चढलो. या वेळी काटा तळाशीच राहिला, आचके तसेच.

मग सापडली ती बारीक नळी, जिच्यामुळे रेग्युलेटरला हवेचा दाब समजतो. दिराने ती टर्बोच्या पुढे जोडायची, तर टर्बोच्या आधी असलेल्या हवेच्या फिल्टरच्या डब्याला जोडली होती. तिथे दाब वाढतच नाही.

"तिकडे का लावली?" नवऱ्याने विचारलं.

"इकडून नेली की लोंबते. तिकडे कशी छान बसत होती."

"छान! आणि अशीच दामटली असती तर?"

"पेट्रोल कमी पडून इंजिन तापतं," दीर नळी उपसत म्हणाला. "पिस्टनला भोक पडतं."

"चढावरच?"

"चढावरच, वहिनी."

त्याने नळी टर्बो आणि कार्बोरेटरच्या मधल्या पाइपावर चढवली. लोंबत होती, पण राहिली. तिसऱ्यांदा चढलो तेव्हा शिट्टीबरोबर काटाही चढला, पाय काढल्यावर उतरला. इंजिन एकदाही अडलं नाही.

"मग, उद्याचं काय?" नवऱ्याने विचारलं.

नाही म्हणायला माझ्याकडे एक कारण होतं, ते मीच शोधून मीच दुरुस्त करवलं होतं.

"निघू सकाळी," मी म्हटलं. "बाळ मागे, तुझ्याजवळ. मी इथेच, काट्यासमोर बसणार."