न भरलेला रकाना

"चार रविवार झाले," दादा म्हणाला. "चारही रविवारी वहिनीने तुझ्या सूपमध्ये गव्हाचं पीठ घातलंय, आजही. काही झालं तुला?"

तिने चमचा खाली ठेवला. अर्धं सूप पोटात गेलं होतं. वहिनीने मान खाली घातली. दादा मात्र पैज जिंकल्यासारखा खुर्चीत रेलून बसला होता.

"तूच सांगितलंस तिला घालायला?"

"एकच चमचा गं. म्हटलं बघू तरी, खरंच काही होतं की सगळं डोक्यातलं आहे."

सहा वर्षांपूर्वी ती एका गोठ्यावरचा वजनकाटा तपासायला गेली होती. काट्यावर दोन दिवसांचं वासरू होतं, खाटकासाठी. त्या दिवसापासून दूध, अंडी, मांस सगळं बंद. दोन वर्षांपूर्वी आतड्याचा तुकडा तपासून डॉक्टरांनी सीलिअ‍ॅक, म्हणजे गव्हाने आतडं खराब होणारा आजार, सांगितला आणि गहूही गेला. घरच्यांनी दोन्हींची एकच मोट बांधली. दूध हिने हौसेने सोडलं, तर गहू हे त्याच हौसेचं पुढचं पाऊल. दादा तेच पुन्हा समजावत होता. आजार असता तर आम्ही नसतं का सांभाळलं, वगैरे.

ती ऐकत नव्हती. ती सोमवार मोजत होती.

वजनमापं खात्यात तिची वीस वर्षं झाली होती. दुकानदाराचा काटा दोन ग्रॅमने खोटा असला तरी तिच्या हातून सुटत नसे. पोट बिघडायला लागलं तेव्हाही तिने वहीच ठेवली. काय खाल्लं, कुठे, किती वाजता. चार आठवडे दर सोमवारी दुपारी पोटात पिळवटून यायचं, आणि त्याआधी तासभर ती कँटीनमध्ये जेवलेली असायची. कँटीनचा आचारी तिच्यासाठी वेगळं पातेलं ठेवायचा, ते स्वतः घासायचा, तिचं रांधण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायचा. तिने वही त्याच्यापुढे धरली.

"बाई, पीठ माझ्या हातून गेलेलं नाही," तो म्हणाला होता.

"मग हे काय आहे, काका?"

तिने लेखी तक्रार दिली आणि गेल्या बुधवारी आचाऱ्याला घरी बसवलं.

रविवारचा रकाना वहीत कोराच होता. भावाच्या घरचं जेवण काय लिहायचं?

"उद्या माझ्याबरोबर ऑफिसात यायचं," ती म्हणाली. "आत्ता जे बोललास ते साहेबांपुढे बोलायचं."

दादा हसला. "चमचाभर पिठासाठी मी तुझ्या ऑफिसात येऊ? लोक काय म्हणतील, छोटे?"

"एका माणसाची नोकरी गेलीय."

"ती तू घालवलीस. मी नाही."

तिला ताट उचलून भिंतीवर मारावंसं वाटलं. खरं बोलला होता, याचाच तिला जास्त संताप आला.

"मी येते," वहिनी म्हणाली. "घातलं मी होतं." दादाने तिच्याकडे पाहिलं, पण तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

सोमवारी दुपारी ठरल्यासारखं पोट पिळवटलं. ती दोनदा संडासात जाऊन आली, तोंड धुतलं आणि वहिनीला घेऊन साहेबांपुढे उभी राहिली. साहेबांनी कपाळाला हात लावला, पण आदेश मागे घेतला. चिठ्ठी शिपायाबरोबर पाठवतो म्हणाले. तिने ती स्वतःकडे मागून घेतली.

आचारी त्याच्या घराच्या दारातच भेटला. दाढी वाढली होती. वहिनीने सगळं सांगितलं, चमच्यासकट. त्याने चिठ्ठी घेतली, दोनदा वाचली.

"येईन," तो म्हणाला. "नोकरी लागतेच. शंभर माणसांचं रांधीन, पूर्वीसारखंच." मग तिच्याकडे पाहिलं. "पण तुमचं नाही, बाई. तुमचं पातेलं आता मी शेगडीवर चढवायचो नाही."

वहिनी हात जोडून काही बोलायला लागली. तिने वहिनीचा दंड धरला.

"बरोबर आहे, काका," ती म्हणाली.

गुरुवारी तो कामावर आला. तेव्हापासून ती घरून डबा आणते, थंड भात आणि उकडलेले बटाटे, आणि खिडकीजवळच्या टेबलावर जेवते. रविवारी कुठे जात नाही. दादाचे फोन आले तर वाजू देते.

पाण्याचं पिंप मात्र वाढपाच्या टेबलापलीकडे आहे. ती पेला घेऊन तिकडे निघाली की आचारी पोळ्यांचा डबा झाकतो, पळी खाली ठेवतो. फडक्याला हात पुसतो आणि ती पाणी भरून जाईपर्यंत रांग थांबवून उभा राहतो.